सहाण

नांदेडात, इतवाऱ्याच्या उताराला
आमचं दुकान म्हणजे एक दगडी चाक,
एक चामडी पट्टा, थेंब थेंब गळणारा डबा
आणि आज्ज्याचा उजवा पाय.

आडनाव शिकलगार. ते दोन्हीकडं चालतं.
पाटीवरचं पुढचं नाव पावसानं नेलेलं.
नवं गिऱ्हाईक विचारायचं, तुम्ही कोणते?
आज्जा म्हणायचा, आधी बोथट किती हाय ते दाखव.

झुंजुरका घाटावरला किसन न्हावी,
ज्याचा बाप रात्री गेला
त्या पोराच्या डोक्याला ओरखडा नको म्हणून.
त्या वस्तऱ्याचे पैसे आज्जा घ्यायचा नाही.
सलूनच्या वस्तऱ्याचे घ्यायचा, आणि भांडून घ्यायचा.

मग राजुलबाई, पांढऱ्या फडक्यात विळी गुंडाळून.
चाक आधी धू म्हणायची,
आणि पाणी स्वतःच्या लोट्यातलं,
दुहेरी कापडातनं गाळलेलं.
तिच्या विळीनं दोडका कापला जायचा, भोपळा,
तोही चार बोटं बाजूला सरून, किडा बघून.

खांबाला टेकून चाँद कुरेशी उभा असायचा.
सुऱ्यांचं पोतं पायाशी, तोंड रस्त्याकडं.
बाई जाईपर्यंत पोत्याची गाठ सोडायचा नाही.
कुणी सांगितलं नव्हतं त्याला.
एका चातुर्मासात ती आठ दिवस आली नाही,
तर हाच विचारत होता,
जैनीन माय बीमार तो नै?
आणि बकरीद तोंडावर असताना
ऊन खांबावर चढेस्तोवर थांबला.

एप्रिलात कात्र्या.
भीमनगरच्या सुलोचना मावशीच्या कात्रीच्या सांध्यात
निळ्या कागदाचं कातरण अडकलेलं.
ते मी नखानं काढायचे,
कपाळाला चिकटवायचे.

आणि गुरुद्वाऱ्याचे बख्तावरसिंग,
दोन्ही हातांवर किरपाण आडवी घेऊन.
ती भुईला टेकायची नाही.
आज्जा चप्पल काढायचा, डोक्याला पंचा बांधायचा,
आणि मग अडचण: चाक तर पायानं फिरतं.
किरपाणीला पाय कसा लावायचा?
म्हणून तेवढ्यापुरतं मी. हातानं.
सात वर्षांची, दोन्ही हातांनी, दात आवळून,
ठिणग्या परकरावर.
बक्षीस म्हणून कढाप्रसाद,
तूप कोपरापर्यंत.

त्या वर्षी काय झालं होतं ते मला
अजूनही नीट कुणी सांगत नाही.
नाक्यावर कायतरी. दुकानं दुपारीच मिटलेली.
रात्री दार वाजलं.
पोत्यात लांब कायतरी, धरणारे तिघं.
एकाच्या डोक्यावर केस नुकते उगवत होते,
बापाच्या दहाव्यानंतरचे.
आज्जा म्हणाला, पट्टा तुटला.
तास-दीड तासानं दुसरे. दुसऱ्या बाजूचे.
तसंच पोतं, तसाच घाम.
आज्जा म्हणाला, पट्टा तुटला.
दाखव, म्हणाले. चाक दाखवलं, उघडं.
कोपऱ्यात मी बसले होते, परकर पसरून.
पट्ट्यावर.

त्याचा वास अजून आठवतो, एरंडेल आणि चामडं.
त्यांच्यातल्या एकानं माझ्याकडं बघितलं.
ओळखीचा होता. काय बोलला नाही.

मग चाळीस दिवस शहर बोथट.
किसन गिऱ्हाइकांच्या गालावर तुरटी चोळायचा.
कुरेशीच्या दुकानी हाड कापत नव्हतं, फुटत होतं.
राजुलबाईनं भोपळा पायरीवर आपटला म्हणे,
आणि मग बिया वेचत बसली, एकेक.
कुणी तक्रार केली नाही.
तुटलेला पट्टा एका दिवसात शिवता येतो,
हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आता मोटार आहे. बटण दाबलं की फिरते,
पाय नाही, हात नाही.
दुकान मीच चालवते.
जुनं चाक झिजून मधे खोलगट झालं,
एका उन्हाळ्यात आपसूक दोन झालं.
अर्धं कुठं गेलं माहीत नाही.
अर्धं मोरीत ठेवलंय.

सकाळी त्याच्यावर टाचा घासते.
भेगांना बरं वाटतं.